कंकुबेनची डाळ शिजेना

गुजरातच्या किनाऱ्यावरच्या नवाबाऱ्यात कंकुबेन पांजरीच्या खाणावळीत जेवायला बसलं की समोरच्या खिडकीत पाण्याने भरलेला काचेचा वाडगा दिसायचा. एक दिवसाआड नळाला पाणी यायचं. पहिल्या धारेचं पाणी ती त्या वाडग्यात धरून ठेवायची आणि दुपारी वाकून तळाशी काय बसलंय ते बघायची. नुसत्या बघण्याने तिचं समाधान होत नसे. पाणी ओतून दिलं की तळाला बोट घासून ते बोट ती उजेडात धरायची. बाकीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, खळखळून उकळायचं, मगच ते तिच्या माठात जायचं.

"कंकुमासीला गंगाजळ दिलंत तरी ती आधी गॅस पेटवेल," असं बँकेतले लोक जेवताना म्हणायचे.

"पेटवीन," ती म्हणायची. "गंगेच्या काठावर काय माणसं राहत नाहीत?"

हा संशय तिच्यात जन्मापासून नव्हता. चौदा वर्षांपूर्वी ती गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण रांधायला होती. एका शुक्रवारी खिचडी खाऊन चाळीसेक मुलांना उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत तिच्या दाराशी ती राहायची तो निम्मा खारवावाडा गोळा झाला. पातेल्यात पाल पडली असेल, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, चांगले तांदूळ घरी नेऊन हिने किडके शिजवले. तिचं काम त्याच दिवशी गेलं. तीन आठवड्यांनी तपासणीचा कागद आला. दोष खिचडीत नव्हताच, शाळेच्या जमिनीखालच्या टाकीत गटार पाझरत होतं. तो कागद फायलीत गेला आणि तिथेच राहिला. कंकुबेनला हे कळलं वर्षभराने, तेही शाळेच्या शिपायाने बाजारात बोलता बोलता सांगितलं म्हणून. आमचं चुकलं, असं म्हणायला तिच्या दारात कोणी आलं नाही.

पुढे नवरा गेल्यावर तिने घरच्या ओसरीवरच खाणावळ काढली. डाळ, भात, भाजी, बाजरीचा रोटला. बँकेतले चार-पाच जण, पोस्टातले दोघे, हायस्कुलातली मास्तरीण इलाबेन, अशी रोजची दहा-बारा पानं. हाताखाली भांडी घासायला जसू. हात चवीचा होता, पण गावाने एकदा तिच्याकडे कसं पाहिलं होतं ते ती विसरली नव्हती.

त्या उन्हाळ्यात जेवणाऱ्यांनी हट्ट धरला. नळाचं पाणी नको, विकतचं, प्लास्टिकच्या जगमधलं थंड पाणी ठेवा. जितू लोढारीने बसस्टँडमागे पाणी शुद्ध करायचा कारखाना काढला होता आणि त्याचे निळे जग गावभर फिरत होते. कंकुबेन आधी स्वतः जाऊन तो कारखाना बघून आली. चकचकीत यंत्र, भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रं, डोक्याला जाळीची टोपी घातलेला जितू.

"मासी, खात्री करून घ्या. तुम्ही हो म्हणालात तर गाव हो म्हणेल," तो म्हणाला.

तिने तासभर बघितलं आणि हो म्हटलं. रोज दोन जग येऊ लागले. ती स्वतः मात्र त्यातलं घोटभरही प्यायली नाही. थंडाव्यात चव झाकली जाते, असं तिचं म्हणणं. ती आणि जसू आपलं नळाचं उकळलेलंच पीत राहिल्या. स्वयंपाकही नळाच्याच पाण्यात व्हायचा.

भाद्रपदात कावीळ आली. आधी पोस्टातला एक, मग बँकेतले दोघे, मग इलाबेन. गावात इतर ठिकाणीही माणसं पिवळी पडत होती, पण एका खाणावळीतली चार माणसं म्हटल्यावर लोक बोटांवर मोजायला लागले. दुकानात कंकुबेन शिरली की बोलणं थांबायचं. एकीने तर तोंडावरच विचारलं, "कंकुमासी, अजून चालू आहे का खाणावळ?"

तेच तोंड, तोच सूर, चौदा वर्षांपूर्वीचा. या वेळी कागद येण्याची वाट बघत बसायचं नाही, असं तिने ठरवलं. चोर आपणच शोधायचा.

तिने नळाच्या पाण्याचा वास घेतला. जंतू मारायच्या औषधाचा वास अजिबात नव्हता. पाण्याच्या पुढच्या पाळीला पुन्हा घेतला, पुन्हा नाही. मग ती थेट नगरपालिकेच्या टाकीवर गेली. तिथे बावीस वर्षं देवशीभाई पाणी सोडायचं काम करत होता. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तो खोलीत बाकावर आडवा झाला होता. कोपऱ्यात औषधाच्या भुकटीच्या तीन गोण्या होत्या. कंकुबेनने एकीला पायाने ढोसलं, तर गोणी दगडासारखी घट्ट.

"देवशीभाई, ह्या गोण्या कधी फोडल्या होत्या?"

तो उठून बसला. "त्या जुन्या आहेत, बेन. आता ते..."

"जुन्या आहेत ते दिसतंय मला. पावसाळा सरत आला आणि गोणी शिवलेलीच."

"अहो, ऐकून तर घ्या. आता त्या लागत नाहीत."

"लागत नाहीत? गाव पिवळं पडलं तरी लागत नाहीत?"

तिने पुढचं ऐकलं नाही. जे शोधायला आली होती ते तिला सापडलं होतं. सोमवारी नगरपालिकेत दाखले-अर्जांसाठी मोठी रांग असायची. त्या रांगेसमोर उभं राहून तिने खणखणीत आवाजात सांगितलं, की टाकीवर औषध पडत नाही, गोण्या दगड झाल्यात आणि पाणी सोडणारा दिवसा झोपतो. लोकांना तेच ऐकायचं होतं. जागच्या जागी अर्ज लिहिला गेला. पहिली सही जितू लोढारीने केली. खिशातलं पेन काढून तोच रांगेत सह्या गोळा करत फिरला.

तिसऱ्या दिवशी देवशीभाईला घरी बसवलं. रात्रीतून कोणीतरी त्याच्या दारावर शेण फेकलं, असं जसूने सकाळी येऊन सांगितलं.

"मी काही शेण फेकायला सांगितलं नव्हतं," कंकुबेन म्हणाली आणि भाजी चिरत बसली.

त्याच्या जागी आलेल्या माणसाला गावातल्या झडपा कुठे आहेत हेच ठाऊक नव्हतं. खारवावाड्याला पाळीच्या दिवशी पाणी आलं नाही, पुढच्या पाळीलाही नाही. साठवण संपली. दुपारची पानं तर वाढायची होती. म्हणून कंकुबेनने आयुष्यात पहिल्यांदा जगचं पाणी कुकरात ओतलं आणि तुरीची डाळ लावली.

तीन शिट्ट्यांत तिची डाळ लोण्यासारखी व्हायची. तीन शिट्ट्यांनी झाकण काढलं, तर दाणे जसेच्या तसे. तिने आणखी तीन काढल्या. डाळ चमच्याला खडखड लागत होती.

"डाळ जुनी असेल," जसू म्हणाली.

"याच डब्यातली डाळ परवा शिजली."

कंकुबेन हातात चमचा धरून उभी राहिली. समुद्रकाठच्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. विहिरीच्या खाऱ्या, जड पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून तर लांबून आणलेलं नळाचं गोडं पाणी आल्यावर गावाने पेढे वाटले होते. यंत्रातून काढलेलं पाणी तर नळाच्याहून हलकं हवं. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिने जगातलं पेलाभर पाणी काढून उन्हात ठेवलं आणि कोमट झाल्यावर जिभेवर घेतलं. मागाहून येणारी तुरट खारी चव तिने लगेच ओळखली.

दुसऱ्या दिवशी ती पदर डोक्यावर घेऊन बसस्टँडमागे गेली, पण या वेळी पुढच्या दाराने नाही. मागच्या अंगणात एक बोअर होती. तिची नळी भिंतीतून सरळ आत गेली होती. आठ-दहा पावलांवर शेजारच्या लॉजचा शोषखड्डा होता. झाकणाच्या कडेने ओल आली होती आणि माश्या बसल्या होत्या. तिने खिडकीतून डोकावलं. यंत्रावर जग उलटे वाळत घातले होते. यंत्राची वायर भिंतीवर गुंडाळून ठेवलेली होती.

"काय शोधता, मासी?" मागून जितूचा आवाज आला. डोक्यावर टोपी नव्हती.

"यंत्र बंद दिसतंय."

"दोन दिवस झाले. सुटा भाग राजकोटहून यायचाय."

"दोन दिवसांत वायरीवर एवढी धूळ बसली?"

तो हसला. "तुमचं असंच आहे, मासी. काल नळावर संशय, आज माझ्यावर. उद्या समुद्रात मीठ कोणी टाकलं ते विचाराल."

तिच्या मनात आलं, तो म्हणतो त्यात काय खोटं आहे? एका माणसाला बोट दाखवून घरी बसवलंच होतं तिने. आता नुसतं ओरडून चालणार नव्हतं. ती आरोग्य केंद्रात गेली. तिथली नर्स मंजुलाबेन तिला ओळखत होती. तिने दोन लहान बाटल्या दिल्या. तळाशी औषध लावलेलं. पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, घाण असेल तर काळं पडतं.

पाणी आलं तसं कंकुबेनने एका बाटलीत नळाचं भरलं, दुसरीत जगचं. चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बाटल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारीच जगचं पाणी शाईसारखं काळं झालं होतं. नळाचं जसंच्या तसं. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, असं तिला वाटलं. तिने मंजुलाबेनकडून आणखी दोन बाटल्या आणल्या, या वेळी काचेवर खिळ्याने खूण करून. पुन्हा तेच.

मंजुलाबेनने काळ्या बाटल्या डॉक्टरांना दाखवल्या आणि दुसऱ्या एका कुपीत नळाचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं.

"औषध आहे की यात. हवं तेवढं बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग वास कसा नाही?"

"वास मारला म्हणजे जास्त झालं, कंकुबेन. आणि भुकटी आता कोण वापरतं? दोन वर्षं झाली, टाकीवर पातळ औषध थेंबथेंब सोडतात. देवशीभाईने सांगितलं नाही?"

तो सांगत होता. तिनेच सांगू दिलं नव्हतं.

घरी येऊन ती शेगडीसमोर नुसती बसून राहिली. सगळं डोळ्यांसमोर होतं. ती आणि जसू नळाचं पीत होत्या, दोघी धडधाकट. जगचं पाणी पिणारे चौघे अंथरुणाला खिळले. हे कळायला बाटली कशाला हवी होती? आणि ते जग टेबलावर कुणी ठेवले होते? गावाने तेव्हा तिच्यावर खोटा आळ घेतला होता. आज घेतला असता तर तो खरा ठरला असता.

आरोग्य खात्याची माणसं आली, पाणी तपासायला नेलं, जितूच्या दाराला सील लागलं. ज्यांनी सह्या केल्या होत्या तेच आता त्याच्या नावाने बोलू लागले. देवशीभाईचं नाव मात्र कोणी काढेना.

कंकुबेन त्याच्या घरी गेली. दार त्याची बायको राणीबेन हिने उघडलं. आत या म्हणाली नाही.

"देवशीभाई आहेत?"

"आहेत. आता घरीच असतात."

तो आतून येऊन उंबऱ्याच्या पलीकडे उभा राहिला.

"माझं चुकलं, भाई," कंकुबेन म्हणाली. "तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं."

त्याने अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे तुम्ही इथे सांगता. इथे कोण आहे? मी, ही, आणि ती बांधलेली शेळी. तेव्हा कुठे सांगितलं होतंत?"

"नगरपालिकेत."

"किती माणसं होती?"

"पन्नास-साठ असतील."

"मग तिथेच सांगा," तो म्हणाला आणि आत गेला.

राणीबेनने दार लावता लावता म्हटलं, "शेण मी तीन वेळा धुतलं, बेन. लाकडात मुरलेला वास अजून येतो."

सोमवारी कंकुबेन पुन्हा त्या रांगेसमोर उभी राहिली. गेल्या खेपेचा खणखणीत आवाज या वेळी कुठे गेला कोण जाणे. तरी तिने सांगितलं. देवशीभाईचा दोष नव्हता. औषध पडत होतं. मी न ऐकता बोलले. घाण जगात होती आणि ते जग मी स्वतः माझ्या टेबलावर ठेवले. रांगेत एक-दोघे हसले. एक म्हातारा म्हणाला, "पुढल्या सोमवारी कोणाची पाळी, मासी?" तिने ते ऐकून घेतलं. मग नगरपालिकेच्या साहेबांच्या टेबलावर दुसरा अर्ज ठेवला, देवशीभाईला परत कामावर घेण्याचा. त्यावर एकच सही होती, तिची. रांगेतल्या कोणी पेन पुढे केलं नाही.

देवशीभाई दिवाळीआधी कामावर परतला. कंकुबेनशी तो बोलत नाही. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, एवढंच. जितूचा कारखाना दोन महिने बंद होता. आता मेव्हण्याच्या नावाने उघडलाय, जग हिरवे झालेत.

खाणावळीत पानं सहा-सातच उरली. कंकुबेन अजूनही वाडगा भरून ठेवते. फक्त तळाशी काही दिसलं, की आधी टाकीवर जाऊन विचारते आणि उत्तर पुरतं संपेपर्यंत तिथे उभी राहते. देवशीभाई भिंतीकडे बघत उत्तर देतो.

मार्गशीर्षात इलाबेन बरी होऊन आली. गालफडं बसली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कंकुबेनने तिच्यापुढे मऊ भात, फिकी डाळ वाढली आणि पाण्याचा पेला ठेवला.

"मासी, हे कुठलं?"

"नळाचं. उकळलेलं."

इलाबेनने पेला उचलला, उजेडात धरून आत पाहिलं आणि तसाच खाली ठेवला. मग ती कंकुबेनच्या तोंडाकडे बघत राहिली.

कंकुबेनने दुसरा पेला आणला. इलाबेनच्या पेल्यातलं निम्मं पाणी त्यात ओतून घेतलं, तिच्यासमोर बसली आणि सगळं प्यायली.

इलाबेनने आपला पेला जवळ ओढला.