खाली कोण हाय?

माझा नवरा विमान उडवायला शिकवायचा. विमान म्हणजे मोठं नव्हे. दोन माणसं शेजारी बसली की भरलं, असलं. लग्न ठरलं तेव्हा किहीमला माझ्या माहेरी सगळ्यांना वाटलं, जावई आता देशोदेशीची चॉकलेटं आणणार. त्याने आणलं काय, तर धुळीने माखलेले बूट आणि इंधनाचा वास मारणारे शर्ट. आठवडाभर तो घाटावरच्या उड्डाणशाळेत, आणि मी आगरदांड्याजवळ सासरच्या वाडीत राहून मुरूडच्या शाळेत गणित शिकवणार, असा आमचा संसार. विद्यार्थ्याला घेऊन किनाऱ्यावर लांबची फेरी असली की आमच्या घरावर येऊन तो विमानाचे पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवायचा. मी दोरीवरची ओली चादर हलवायचे. सासरे म्हणायचे, “त्याला सांग, मान खाली घालून गाडी हाकू नये.”

सासरे स्वतः माडावर चढायचे. कोयता कमरेला, पायात दोरीचा फास, आणि शेंड्यात पोचले की नारळ तोडण्याआधी मोठ्याने हाक: “खाली कोण हाय?” एरवी घरात शुद्ध बोलणारा माणूस, पण ही हाक मात्र तशीच, त्यांच्या वडिलांकडून आलेली. खाली जो असेल त्याने “हाय!” अशी ओ द्यायची आणि बाजूला व्हायचं. ओ आली नाही तर खाली कोणी नाही असं समजायचं आणि मग कोयता चालवायचा. या बाबतीत कुणाचीही थट्टा खपवून घेतली जायची नाही. वाडीत माणसं वर बघून चालत नाहीत. पडलेली सुपारी, वाळलेली झावळी शोधत खाली बघून चालतात, वरची राखण कानांवर सोडलेली असते. माझा नवरा याच हाकेखाली लहानाचा मोठा झाला होता.

त्याचे हात चांगले होते, असं त्याच्या धंद्यातले लोक म्हणायचे. एकदा इंजिन बंद पडलं असताना त्याने विमान कापणी झालेल्या भाताच्या शेतात असं अलगद टेकवलं होतं की शेतमालकाच्या बैलांनी मानसुद्धा वळवली नाही. ही बैलांची गोष्ट तो दर गणपतीला सांगायचा आणि दर वर्षी बैलांची संख्या वाढायची. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी तबेला होईल.

मग उड्डाणशाळेत पॅराशूटवालं नवीन विमान आलं. माणसाचं पॅराशूट नव्हे, अख्ख्या विमानाचं. ते आसनांच्या मागे घडी घालून ठेवलेलं असतं आणि डोक्यावर एक लाल मूठ असते. मूठ ओढली की लहानसं रॉकेट सुटतं, पॅराशूट बाहेर खेचून नेतं, आणि विमान त्याला लटकत खाली येतं. दणका बसतो, विमान मोडतं, पण आतली माणसं बहुतेक वाचतात. फक्त एकदा मूठ ओढली की वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. वारा नेईल तिकडे जायचं. माझ्या नवऱ्याला आधी त्या मुठीचा रागच होता. “ज्याला हात आहेत त्याला मूठ कशाला?” असं तो जेवताना ऐकवायचा. पण पुढे स्वतःच बदलला. “एकटा असेन तेव्हा काय हात दाखवायचे ते दाखवीन,” म्हणाला. “शेजारी कुणाची तरी पोरगी बसलेली असताना तिच्या जिवावर नाही.” मग प्रत्येक उड्डाणाआधी तो विद्यार्थ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचा: इंजिन गेलं आणि उतरायला रिकामी जागा नसली, तर मूठ.

तो दिवस सुट्टीचा होता. दिघीच्या पलीकडे, बोर्ली पंचतनच्या बाजूला किनाऱ्यावरून जाताना इंजिन बंद पडलं. शेजारी खरोखरच एक मुलगी होती, कॉलेजातली. ओहोटी होती, खाली लांबच लांब वाळूची पुळण उघडी पडलेली. पूर्वीचा काळ असता तर त्याने डोळे झाकून तिथे विमान उतरवलं असतं. पण आता सुट्टीला पुळण रिकामी असते कुठे! घोडागाड्या, वाळूत फिरवायच्या त्या चारचाकी फटफट्या, किल्ले बांधत बसलेली मुलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाड्या. त्याने मूठ ओढली. खालच्या लोकांना फटाक्यासारखा आवाज आला, कुणाकडे लग्न असेल असं त्यांना वाटलं. समुद्रावरचा वारा विमानाला वाड्यांवर घेऊन गेला. वरून वाडीतला माणूस दिसत नाही, माडांचे शेंडे तेवढे दिसतात. तो म्हणतो, मी फक्त कौलं बघत होतो, घरावर नको, घरावर नको, एवढंच. घरावर पडलं नाही. दोन-तीन माडांचे शेंडे मोडून विमान विहीर आणि गोठा यांच्या मधल्या जागेत आलं. तिथे त्या वाडीची मालकीण झावळ्या गोळा करत होती.

मला पहिला फोन आला तो, वाचला म्हणून. मी देवासमोर दिवा लावला, साखर ठेवली. दुसऱ्या फोनवर त्या बाईचं कळलं, ती विमानाखाली सापडून गेली होती. मी परत देवघरात आले तर दिवा जळतच होता. तो विझवायचा की तसाच ठेवायचा ते मला समजेना. मी तिथेच खाली बसले आणि रडले, आणि कुणासाठी रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. आनंद झाला होता, हे खरं आहे. त्याची लाज वाटत होती, हेही खरं आहे.

त्यानंतर सगळे म्हणाले, बरोबर केलंस. चौकशीवाल्यांनी तेच म्हटलं, उड्डाणशाळेने तेच म्हटलं, त्या मुलीचे आईवडील तर त्याच्या पाया पडायला आले. त्याचे जुने सोबतीही घरी आले आणि ओटीवर बसून त्यांचा वाद रंगला. एक म्हणे, अरे तुझ्यासारखे हात असताना पुळणीच्या कडेकडेने पाण्यात घातलं असतंस, पाण्यात कोण होतं? दुसरा म्हणे, पाण्यात उलटलं असतं तर दोघंही आत बुडाली असती, मूठच बरोबर. उंची किती, वारा किती, वेग किती. मी चहा देत होते. त्या सगळ्या बोलण्यात ती बाई कुठेच नव्हती. मी कप उचलायला लागले. एकाचा अर्धा भरलेला होता, तोही उचलला.

तिचं दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं फेरीबोटीने खाडीपलीकडे तिच्या वाडीत गेलो. तिचा नवरा पायरीवर बसला होता. पन्नाशी उलटलेला, काटक माणूस, स्वतःच माडावर चढणारा. आम्ही त्यांना दादा म्हणायला लागलो ते त्याच दिवसापासून. माझ्या नवऱ्याने सगळं सांगितलं, इंजिन, पुळण, मूठ, वारा. काही लपवलं नाही, माफीचा शब्द मात्र त्याच्या तोंडून फुटेना. दादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“हाक का न्हाय मारलीत?”

मला संताप आला. आभाळातून पडणाऱ्या माणसाने हाक मारायची? मी बोलणारच होते, पण तेवढ्यात नवऱ्याकडे लक्ष गेलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्याला तो प्रश्न वेड्यासारखा वाटला नव्हता. वाडीतल्या माणसाने वाडीतल्या माणसाला विचारायचा तोच प्रश्न होता.

परतताना बोटीच्या कठड्याला टेकून तो म्हणाला, “आवाज पोचला नसता.” मी म्हटलं, “नसताच.” बोट धक्क्याला लागली. मग तो म्हणाला, “पण त्या मुलीला मी ओरडून सांगत होतो, पाय वर घे, डोकं खाली घाल. आवाज होता माझ्याकडे. खाली कोण आहे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.”

त्याने उडवणं सोडलं. दर रविवारी पलीकडे जायला लागला. शेंडा गेलेला माड परत फुटत नाही. ते माड नुसते खांब होऊन उभे होते. त्यांच्याशेजारी याने नवी रोपं लावली, आळी केली, विहिरीचं पाणी काढून शिंपणं केलं. दादा त्याला ये म्हणायचे नाहीत आणि जा म्हणायचे नाहीत. चहा करून पायरीवर ठेवायचे आणि स्वतः गोठ्यात निघून जायचे.

आणि घरी तो ओ देईनासा झाला. मी जेवायला हाक मारावी, उत्तर नाही. विहिरीवरून हाक मारावी, उत्तर नाही. बघायला जावं तर तिथेच उभा, ऐकलेलं असायचं. आधी मी चिडायचे. कान फुटले का, असंही बोलले. मग मला भीती वाटायला लागली. हा माणूस आभाळातून पडून वाचला आणि आता माझ्या डोळ्यांदेखत घरातल्या घरात हातचा चालला आहे, असं वाटायला लागलं. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या झाल्या, झोप थोडी लागायला लागली, पण ओ काही आली नाही. म्हणून मी रविवारी त्याच्यासोबत जायला लागले. त्याला एकटं सोडायची माझी तयारी नव्हती.

अशाच एका रविवारी सकाळी मी पायरीवर बसून दादांच्या सुपाऱ्या सोलत होते. दादा विहिरीजवळच्या माडावर चढले होते. माझा नवरा त्याच माडाच्या बुंध्याशी, एका रोपाच्या आळ्यात उकिडवा बसून माती सारखी करत होता. वर झावळ्यांत दादा दिसेनासे झाले, आणि हाक आली.

“खाली कोण हाय?”

नवऱ्याने हात थांबवला. मान जराशी वर केली. मी त्याच्याकडेच बघत होते, त्याने हाक ऐकली होती. मग त्याने हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घालून तसाच बसून राहिला.

हातातली सुपारी कुठे पडली कुणास ठाऊक. मी धावले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते अशी ओरडले, “हाय! माणूस हाय खाली! दादा, माणूस हाय!”

मग दादा उतरले, सावकाश, बुंध्याला छाती घासत. मी नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला ओढत होते आणि तो हलत नव्हता. दादांनी कोयता कमरेचा काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवला. ते याच्यासमोर मातीत बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते याच्यासमोर बसले होते.

“ऐकलं व्हतंत?”

याने मान हलवली.

“हाक मारली का ओ द्यायची, सायब,” दादा म्हणाले. “तिला कुनी हाक मारली न्हाय. ती काय करनार? तुमाला मी मारलीय.”

नवरा रडायला लागला. विमान पडलं त्या दिवसापासून तो रडला नव्हता. दादांनी त्याला जवळ घेतलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. ते नुसते समोर बसून राहिले आणि त्यांचेही डोळे वाहत होते. मी दोघांकडे पाठ केली. बायको गेलेल्या माणसाचं रडणं बघायचा मला अधिकार नव्हता, माझा नवरा जिवंत होता.

बऱ्याच वेळाने दादा उठले. कोयता कमरेला लावला आणि पुन्हा त्याच माडावर चढले. नवरा उठून तिथेच आळ्यात उभा होता. मी त्याचा हात धरायला गेले, पण वरून दादा ओरडले, “वयनी, तुमी लांब ऱ्हावा.” मी मागे झाले.

“खाली कोण हाय?”

“मी आहे,” तो म्हणाला. पुटपुटलाच. मला ऐकू आलं, वर पोचणं शक्य नव्हतं.

दादा थांबले. कोयत्याचा आवाज आला नाही. “ऐकू न्हाय आला!”

“हाय!” तो ओरडला. “मी हाय खाली!”

“मंग सरा बाजूला.”

तो सरला. माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग नारळ पडले.