आठवणीसाठी एक तिकीट

आमच्या गावाचं स्टेशन लोकांनी येऊन-जाऊन बंद पाडलं. होय, येऊन-जाऊनच! रोज साठ-सत्तर माणसं गाडीत चढायची आणि तिकिटं खपायची चार.

मुळात हे स्टेशन दगडाच्या खाणीसाठी उघडलेलं. खाण संपली, गाडी तेवढी थांबत राहिली. स्टेशनमास्तर माझे बाबा. हमाल आणि झाडूवालाही तेच. एक बाक, एक खिडकी, पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख उमटवणारं खटखटं यंत्र, आणि मागे आमच्या दोन खोल्या. बावीस वर्षांत बाबा सगळ्या गावाचे काका झाले होते, आणि काकांकडून तिकीट घेणं गावाला परकेपणाचं वाटायचं. न्हावी खिडकीतून नुसता हात हलवायचा, शाळेतल्या बाई "येते हं काका" म्हणायच्या, की झालं. बाबांच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. त्यांच्या या भिडस्तपणाचा मला अजूनही संताप येतो.

मग वरून पत्र आलं. सहा महिन्यांत रोजची पंचवीस तिकिटं खपली नाहीत तर स्टेशन बंद. म्हणजे आमचं घरही गेलंच. बाबा पत्र घेऊन दारोदार फिरले. "अहो, तिकीट काढा. एवढंच करा."

"काका, तुम्ही काळजीच करू नका," न्हावी म्हणाला. "तपासणीला साहेब येऊ देत, सगळं गाव उभं करतो."

आणि केलं की! तपासणीच्या दिवशी फलाटावर दोनशे माणसं, घोषणा काय, फलक काय. साहेबांनी गर्दी पाहिली, मग विक्रीची वही पाहिली.

"ही सगळी माणसं गाडीनं जातात?"

"रोज!" न्हावी छाती काढून म्हणाला. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटच्या दिवशी मात्र खिडकीपुढे ही भली मोठी रांग. प्रत्येकाला तिकीट हवं होतं, आठवण म्हणून. जायचं कुणालाच नव्हतं. बाबा खटाखट तारखा मारत होते आणि करवादत होते, "हेच आधी करायला काय धाड भरली होती तुम्हाला?" लोक हसत होते. त्यांना वाटलं, काका थट्टा करताहेत.

माझा नंबर आला. मी सुटे पैसे पुढे सरकवले. याच गाडीनं मी पाच वर्षं कॉलेजला गेले होते.

"कुठलं देऊ?" बाबांनी मान खाली घालूनच विचारलं. मग वर पाहिलं.

"तुझं तर हे पहिलंच की गं," ते म्हणाले आणि त्यांनी तारीख मारली.