बाळंतिणीच्या खोलीतला कॉम्प्युटर

भावोजी त्या संध्याकाळी जहाजावर रुजू होणार होते. पुढचे नऊ महिने ते दिसणार नव्हते. बरोबर न्यायला त्यांना एकच गोष्ट हवी होती, लेकीच्या बारशाचं शूटिंग. टेपवरून कॉम्प्युटरवर उतरवलेली फाइल अवाढव्य होती. ती लहान करून सीडीवर बसवायची, एवढंच माझं काम. पण आमचा कॉम्प्युटर कधी वीस टक्क्यांवर, कधी साठवर, मनाला येईल तिथे धप्पकन बंद पडत होता.

माझे सगळे उपाय करून झाले होते. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. रॅम काढून खोडरबराने घासली. पनवेलच्या विजेला शिव्या घातल्या, ती बिचारी त्या दिवशी शहाण्यासारखी वागत असूनही. भावोजी पाठीशी उभे राहून सारखं "आता होईल का?" विचारत होते आणि माझं डोकं फिरत होतं. पुढे बंदराच्या वाटेवर जासईला कंटेनरची रांग लागते, म्हणून त्यांना न्यायला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने बजावलं होतं की खाली आल्यावर थांबणार नाही.

दुपारी आई शेगडी घेऊन आत आली. ताईला शेक द्यायचा होता, बाळाला ओव्याची धुरी. खिडक्या बंद होत्या. पंखा तर ताई बाळंत होऊन घरी आल्यापासून कुणी लावलाच नव्हता. मी घामाने निथळत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखं तापलं होतं ते, म्हणूनच बंद पडत होतं.

"आई, पंखा लाव!"

"बाळाला वारा लागेल. तुझं यंत्र ने बाहेर."

बरोबरच होतं तिचं, आणि तेच मला सुचलं नव्हतं. भावोजींनी आणि मी ते सगळं धूड हॉलमध्ये आणलं, कॅबिनेटची एक बाजू उघडली, टेबलफॅनचा वारा थेट आत सोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

चाळीस टक्के झाले. साठ झाले.

"भावोजी, आता नाही बंद पडत. जा तुम्ही आत."

ते हलले नाहीत. आपण नजर काढली की यंत्र पुन्हा बंद पडणार, असंच त्यांनी मनाशी धरलं होतं. मला त्यांचा रागही येत होता आणि वाईटही वाटत होतं.

आतून ताईने हाक मारली, "अहो, जागी आहे ती. कशी टुकूटुकू बघतेय!"

"आलोच. ऐंशी झालेत."

थोड्या वेळाने पुन्हा, "अहो, झोपेल हं आता."

"आलो, आलो."

सीडी बाहेर आली तेव्हा खाली हॉर्न वाजत होता. भावोजींनी ती रुमालात गुंडाळून बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली आणि आत धावले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो. बाळ ताईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं.

"उठवू का?" ताईने विचारलं.

खालून पुन्हा हॉर्न वाजला.

"नको," भावोजी म्हणाले, आणि नऊ महिने पुरेल इतकं त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले.