औषधवालीचा डूख

लाँड्रीत जिला टाकेवाली म्हणतात ती माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तिची तारीफ ऐकून कोणी विचारायला नको की हा कोण लागून गेला एवढा बोलणारा. मी थोरला. लोखंडी गेटं जोडतो, शाळा आठवीपर्यंत, आणि मी बसवलेलं गेट आजवर कुणाच्या दारात कुरकुरलेलं नाही. पण आमच्या घरात खरी धार कुणाला असेल तर तिला. माझा राग वेल्डिंगच्या ठिणगीसारखा, उडाला की विझला. तिचा राग तव्यासारखा. वरून काळा आणि गप्प, तापलाय की नाही ते हात लावणाऱ्यालाच कळतं.

लाँड्री मोठी आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, हॉलचे पडदे असं सगळं गाड्या भरभरून येतं. त्यात जे फाटलेलं, उसवलेलं निघेल ते टाकेवालीकडे जायचं. खिडकीपाशी तिचं मशीन. पायाखाली फळी, डाव्या हाताला रिळांचा डबा, उजेड बरोबर सुईवर पडेल अशी बैठक. ती जागा तिने स्वतः मागून घेतली होती आणि इतकी वर्षं राखली होती. तिने शिवलेली फाट उलटून पाहिली तरी सापडत नाही. मी बोटांनी चाचपून पाहिलंय, आणि माझी बोटं लोखंडातली भेग पकडतात.

जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीतली माणसं मोबाइलवर खेळायची. पाच जणांची टोळी विरुद्ध पाच जणांची टोळी, मधे एक पूल. पूल ज्याच्या ताब्यात राहील तो जिंकला. पाचांत एक ढाल असतो, धिप्पाड अंगाचा, पुढे उभा राहून मार झेलणारा. दोन मारेकरी. एक लांबून नेम धरणारा. आणि एक औषधवाली. ती कुणाला मारत नाही. तिच्या हातातून हिरवी दोरी निघते, ती ज्याच्या अंगाला लागेल त्याचं गेलेलं रक्त भरून येतं. दोरी एका वेळी एकालाच लागते.

टोळीचा म्होरक्या होता मुकादम. धुलाईखातं त्याच्या हाताखाली, त्यामुळे खेळपण त्याच्याच हाताखाली. ज्याचा स्वभाव जसा, तशी त्याची जागा, असं त्याचं म्हणणं. बॉयलरवाला तापट, घडीवाला उतावळा, म्हणून दोघं मारेकरी. इस्त्रीवाली ताई लांबून एक डोळा बारीक करून माणूस जोखते, म्हणून ती नेमबाज. "आणि ढाल मी," मुकादम म्हणायचा. "पुढे उभं राहायला छाती लागते." टाकेवालीने आपणहून औषध मागितलं तेव्हा तो हसला होता. "बरोबर आहे. हिचा स्वभावच सांभाळून घ्यायचा. फाटलेलं जोडणारी बाई."

घरी आल्यावर मी तिला विचारलं होतं, अगं, एवढे तलवारी-बंदुका घेऊन नाचणारे सोडून तू ही मलमपट्टी कुठे धरलीस?

"दादा, मारणारा समोर येईल त्याला मारतो. त्यात त्याचं काय एवढं?" ती म्हणाली. "कुणाला उठवायचं आणि कुणाला पडू द्यायचं, ते माझ्या हातात असतं."

हे ऐकून मला माझ्याच बहिणीची जरा भीती वाटली आणि दुप्पट अभिमान वाटला.

मग पडद्यांचं प्रकरण झालं. एका हॉटेलचे गडद निळे पडदे आले होते. मुकादमाने घाईत ते पांढऱ्या चादरींच्या मशीनमध्ये घातले आणि वरून ब्लीच ओतलं. पडदे बाहेर निघाले ते अंगभर कोड फुटल्यासारखे. मालकीणबाई खाली येईपर्यंत मुकादमाने गोष्ट तयार ठेवली होती. पडदे टाके घालायला टाकेवालीकडे गेले होते, तिनेच परत पाठवताना पांढऱ्या ढिगात टाकले.

"माझ्याकडे ते आलेच नव्हते," टाकेवाली म्हणाली.

"मग काय मुकादम खोटं बोलतोय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो."

एवढंच बोलली. रडली नाही, शपथा घेतल्या नाहीत. आमच्याकडे ती पद्धतच नाही. पण मालकीणबाईंना वाटलं, चूक करून वर तोंड करते. तिला मशीनवरून उठवलं आणि मागच्या मळक्या कपड्यांच्या खोलीत घातलं. तिथे खिडकी नाही. ओकलेल्या चादरी, रक्ताचे गाऊन, जेवणाच्या खरकट्याने कडक झालेले टेबलावरचे कपडे, सगळं उचकून वेगळं करायचं. पहिल्या दिवशी घरी आली आणि नुसती हात धूत बसली. साबणाची वडी अर्धी झाली. तिच्या मशीनवर कुणीतरी कापड टाकून ठेवलं होतं, म्हणाली. मेलेल्या माणसावर टाकतात तसं.

मी हातोडा उचलला. खोटं कशाला सांगू, खरंच उचलला. "त्याची बत्तीशी काढून तुझ्या रिळांच्या डब्यात भरतो."

"तू गेट जोड," ती म्हणाली. "हा माझा माणूस आहे. त्याचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती नेहमीसारखी खेळायला बसली. मुकादम थोडा बिचकला होता, पण हिने त्याला औषध दिलं तसा तो सैल पडला. औषधवाली व्हायला दुसरं कोणी तयार नसतं, त्यात मिरवता येत नाही. त्यामुळे त्याला ती हवीच होती. इस्त्रीवालीला तो म्हणाला, "बघ, विसरली. मनात ठेवणारी नाही ती." तिच्या हातातलं औषध बघून त्याने तिच्या मनाचा हिशेब केला, आणि तिथेच तो फसला.

ती त्याला औषध देत होती आणि त्याला वाचत होती. मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर रक्ताची पट्टी असते. बाकीचे खेळणारे शत्रूकडे बघतात, औषधवाली आपल्या माणसांच्या पट्ट्या बघत बसते. तिला दिसलं की मुकादमाची पट्टी भरलेली असली की तो पुलावर गर्जत जातो. जरा उतरली की त्याचा अंगठा मागे वळतो. आजवर हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण त्याच्या आधीच तिची दोरी पोचत होती. म्हणजे त्याची छाती तिच्या औषधपाण्यावर चालली होती म्हणा ना. एवढी वर्षं तिनेच त्याचं भित्रेपण उसवू दिलं नव्हतं.

ती संधीची वाट बघत थांबली. मालकीणबाईंनी खात्याखात्यांत सामने लावले होते. रविवारी दुपारी कॅन्टीनमध्ये, भिंतीवर मोठा पडदा, घरच्या माणसांना आमंत्रण. पहिला सामना धुलाईखातं विरुद्ध गाडीवाले. जिंकणारा पुढच्या रविवारी दुसऱ्या शाखेशी खेळणार. मुकादमाने नवीन शर्ट घातला होता, बायकोला आणि मेहुण्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी तिसऱ्या रांगेत, पण माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो.

भिंतीवर कुणाचा खेळ दाखवायचा ते हिशेबनीस ठरवणार होता. मुकादम त्याच्या कानाशी गेला, पण त्याला हळू बोलता येत नाही. "कॅमेरा माझ्यावर ठेव. खरी लढाई ढालीपाशीच असते." मग टाकेवालीकडे वळून, "आणि तू इकडे तिकडे बघू नकोस. ढाल पडली की सगळं पडलं."

"माझं लक्ष तुमच्यावरच आहे," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. सुईत दोरा ओवताना तिची जीभ जराशी बाहेर येते, तशी आली होती. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, आता बघा.

सामना सुरू झाला. मुकादम हत्तीसारखा पुलावर गेला. गाडीवाल्यांचे दोघे त्याच्यावर तुटून पडले. भिंतीवर त्याची रक्ताची पट्टी एवढी मोठी दिसत होती, झरझर उतरत होती. हिरवी दोरी निघाली आणि त्याच्या बाजूने वळून बॉयलरवाल्याच्या अंगाला लागली.

"औषध," मुकादम ओरडला.

"देतेय," टाकेवाली म्हणाली. देतच होती. बॉयलरवाला फुलासारखा टवटवीत झाला.

मुकादमाचा अंगठा वळला. भिंतीवर सगळ्या कॅन्टीनसमोर तो धिप्पाड ढालवाला पाठ फिरवून पळाला आणि काडीएवढ्या नेमबाज बाईच्या, म्हणजे आपल्या इस्त्रीवालीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. तिच्यामागे तो मावेना. दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होता. पहिल्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं. तिथेच गाडीवाल्यांनी त्याला गाठून पाडला.

"अहो मुकादम, मला पुढे करून मागे कशाला लपता?" इस्त्रीवाली म्हणाली. "त्याला वहिनी बसल्यात ना पहिल्या रांगेत."

पडलेला माणूस थोड्या वेळाने मागच्या दारातून परत जिवंत होतो. तो आला, पुलावर गेला, पट्टी उतरली, दोरी घडीवाल्याकडे गेली, हा पुन्हा पळाला. या वेळी घडीवाल्याच्या मागे. पुन्हा मेला. तिसऱ्यांदा तो दारातून बाहेरच पडेना. भिंतीला पाठ लावून उभा. आणि हिशेबनीस इमानदार माणूस, त्याने कॅमेरा हलवला नाही. लढाई कुठेतरी बाहेर चालली होती, तिचा नुसता आवाज येत होता, आणि आम्ही शंभर माणसं एका भिंतीला चिकटलेला मुकादम बघत बसलो होतो. त्याच्या मेहुण्याने खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला.

बाहेर पुलावर बॉयलरवाला उभा होता. अंगाने ढालीच्या निम्मा, पण मागे औषधवाली. तो मार खायचा, ती भरायची. घडीवाला पडता पडता उभा राहायचा. इस्त्रीवालीला एक ओरखडा नाही. सामना संपला तेव्हा पूल धुलाईखात्याचा होता. जिंकले. हेच तर तिचं कसब, सांगतो तुम्हाला. हरवून सूड घेतला असता तर कुणीही तिच्याकडे बोट दाखवलं असतं. तिने टोळी जिंकवली, फक्त एका माणसाला वगळून.

टाळ्या थांबल्या आणि बॉयलरवाला घाम पुसत सहज बोलून गेला, "काय हो मुकादम, त्या निळ्या पडद्यांच्या वेळीपण असंच कुणाच्या मागे लपला होतात का?"

तो थट्टेतच बोलला. पण पुढे कुणी हसलं नाही. माणसं भिंतीकडे बघायला लागली, मग मुकादमाकडे, मग टाकेवालीच्या हातांकडे. त्या हातांना साबणाने घासून घासून चिरा पडल्या होत्या. मालकीणबाई पर्स उचलत होत्या त्या थांबल्या.  मुकादमाची बायको मात्र उठली आणि नवऱ्यासाठी न थांबता बाहेर गेली.

घरी येताना मी विचारलं, "झालं का समाधान?"

"अजून मी मळक्या खोलीतच आहे ना?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा व्हायच्या आधीच मुकादम मळक्या खोलीच्या दारात उभा होता. नाकाला हात लावून.

"तू मला मुद्दाम मारलंस."

"मी कुणाला मारत नाही. औषधवाली आहे मी."

"रविवारी दुसऱ्या शाखेचे लोक येणारेत. त्यांच्यासमोर असं करू नकोस." मग आवाज उतरवून, "तुला परत मशीनवर बसवतो मी. आजच. कुणाला काही बोलायला नको."

"बोलायला हवं," ती म्हणाली. गाठोडं सोडता सोडता बोलत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "जिथे माझं नाव घेतलंत तिथे तुमचं घ्या. मालकीणबाईंच्या पुढे. आणि मागे उभी मी असणार, बॉयलरवाल्यालाही बोलावते."

त्याने नाकावरचा हात काढला. मग गेला. मालकीणबाईंच्या वरच्या काचेच्या खोलीत त्याने काय काय कारणं दिली, घाई होती, डोकं दुखत होतं, उजेड कमी होता, ते सगळं तिने पुरतं ऐकून घेतलं. शेवटी ब्लीच मीच ओतलं असं तो म्हणाला, तेव्हा मालकीणबाईंनी त्याला ते पुन्हा एकदा मोठ्याने म्हणायला लावलं. आणि विचारलं, "मग आता मळक्या खोलीत कोण?"

चहाच्या आधी टाकेवाली खिडकीपाशी बसली होती. कापड काढून घडी करून ठेवलं, फळीवर पाय ठेवला, डब्यातून रीळ निवडलं. मुकादम मळक्या चादरींची गाडी ढकलत तिथून चालला होता. थांबला. सगळे ऐकत होते, तरी त्याने विचारलंच.

"रविवारी तरी औषध देशील ना?"

तिने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला.

"तुम्ही आधी पुढे उभे तर राहा," ती म्हणाली. "मग मी बघेन."