“हे तुम्हाला सुचलं कसं?”

माझ्या बहिणीच्या मुलानं चोरी केली. आधीच सांगून टाकते, कारण नातेवाईक अजून “गैरसमज झाला हो” असं कुजबुजतात आणि मला त्याचा वीट आलाय. ॲसिडच्या पंपाची ड्रॉइंग्ज त्यानं आपल्या कंपनीतून उचलली आणि दुसरीला नेऊन दिली. पैशासाठी? छे! पगार दोन्हीकडे सारखाच. पैशासाठी केलं असतं तर निदान समजलं तरी असतं.

पंपाचा दांडा जिथून आत शिरतो तिथून ॲसिड गळतं, ही सगळ्याच पंपांची रड. ह्यानं त्यावर दांड्याभोवती घट्ट बसणारी एक कडी शोधून काढली. त्यापायी वर्षानुवर्षं घरात असून नसल्यासारखा. बायको रागावून चार दिवस माहेरी गेली, ते साहेबांना भूक लागल्यावर कळलं. आणि पंप बाजारात आला त्या दिवशी व्यासपीठावर कोण? मालकाचा मुलगा. माहितीपत्रकात नावही त्याचंच. आमचे चिरंजीव पडद्यामागे, बटण दाबायला.

“तू बोलला का नाहीस?” मी विचारलं.

“कुणी विचारलंच नाही, मावशी.”

दुसऱ्या कंपनीच्या मालकानं मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, “हे तुम्हाला सुचलं कसं?” झालं! एका प्रश्नात गडी गार. तासन्‌तास बोलत बसला, आणि पुढच्या भेटीला ड्रॉइंग्ज घेऊनच गेला. खटला उभा राहिल्यावर त्याच मालकानं हात झटकले.

आमच्या वकीलबाई तरी खुशीत होत्या. “त्यांच्याच माहितीपत्रकात शोध मालकाच्या मुलाचा. तुम्ही कागदोपत्री नुसते चाचणी विभागात. तुम्हाला त्या कडीतलं काही कळतच नाही, तर न्याल काय? गप्प बसा, सुटाल.”

“काही कळत नाही?” त्यानं विचारलं.

“नाही कळत हो त्यांना!” बायकोनं त्याचा दंड घट्ट धरला. “घरातलं तर अजिबातच नाही.”

आम्ही हसलो. तो हसला नाही.

कोर्टात मालकाचा मुलगा साक्षीला उभा राहिला. छान कोट, छान भांग. न्यायाधीशांनी कडीचं काम विचारलं. “आत एक जोरदार स्प्रिंग आहे,” तो म्हणाला. “ती कडीला दाबून धरते, म्हणून गळत नाही.”

माझ्या शेजारी सुनेनं श्वास रोखला. पुढच्या बाकावरून आमचा ताडकन उठला.

“चूक! साफ चूक! स्प्रिंग फक्त सुरुवातीपुरती. कडीला दाबतं ते ॲसिडच. जितका दाब जास्त, तितकी कडी घट्ट. तीच तर गंमत आहे!”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

“तुम्हाला कसं माहीत?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मीच केलीय ती.”

“सुचलं कसं?”

देवा, तोच प्रश्न! आणि तो सांगत सुटला. एका मुठीचा दांडा, दुसऱ्या हाताची कडी. कंपनीच्या वकिलानं त्याला अडवलं नाही. कशाला अडवेल? तो आरामात मागे रेलून एकेक शब्द लिहून घेत होता.

बाहेर व्हरांड्यात सून भिंतीला टेकली. मला वाटलं रडेल.

“मावशी,” ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून हे माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत.”