सुमनबाईंच्या गळ्यावरच्या रेघा

सुमनबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या आणि मी त्यांच्या गळ्यावरच्या रेघा पुसत होतो. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर. हातात पेनासारखी प्लास्टिकची काडी, समोर टेबलावर पाटीएवढा पॅड. काडी पॅडवर फिरवायची, रंग पडद्यावर उमटायचा.

"आणखी थोडी, पेंटरभाऊ," त्या म्हणाल्या. "तिथी, हनवटीखाली."

मी हनवटीखाली काडी फिरवली. रेघ गेली.

"आता कसं पोरीवानी दिसून राह्यलं."

मला ते कोणासारखंच दिसत नव्हतं. पण लाइट जायची वेळ होत आली होती आणि माझी मान आखडली होती. मी सेव्ह केलं. त्या वर्षांत आमच्याकडे कॉम्प्युटर शिकणारा माणूस सगळ्यात आधी सेव्ह शिकायचा. बाकी सगळं नंतर.

ही गोष्ट वडशाची, दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती तेव्हाची. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात. गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा असो की बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, लेकी-जावई पाहुणे आले की नाटक पाहिजेच. त्या दिवसांत मटण एकवेळ कमी पडलं तर चालतं. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशाला. मी त्यातल्या एका कंपनीचा पोस्टरवाला. नागपूरला चित्रकलेचा डिप्लोमा केला होता, पण वडशाला मला कोणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. पेंटर, नाहीतर पेंटरभाऊ.

आमच्या धंद्यात पोस्टर ही नुसती जाहिरात नसते. गणपती उठले की गावांची मंडळं वडशाला येतात. या ऑफिसातून त्या ऑफिसात जातात, भिंतीवरची पोस्टरं बघतात, चहा पितात आणि नाटक ठरवतात. नाटक तेव्हा बसलेलंही नसतं. तालमी व्हायच्या असतात, कधी शेवटचा अंक लिहायचा असतो. मंडळापुढे असतं ते फक्त पोस्टर. पोस्टरवर जे तोंड दिसलं, ते आपल्या गावच्या स्टेजवर उभं राहिलं पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब. नाही राहिलं तर खुर्च्या मोडतात. एका कंपनीच्या मोडल्याही होत्या.

आमच्या कंपनीचे मालक डोमाजीभाऊ. उन्हाळ्यात त्यांनी नागपूरवरून एक जुना कॉम्प्युटर आणला. त्यासोबत पॅड-पेन फुकट आला, कारण विकणाऱ्याला ते काय आहे हे माहीत नव्हतं.

"पेंटर, आता ब्रश ठेव बाजूला," डोमाजीभाऊ म्हणाले. "जमाना फ्लेक्सचा आहे. याच्यावर काढ, सीडीत भर, नागपूरले पाठव. दुसऱ्या दिवशी छापून हाजिर."

मी पावसाळाभर त्या पॅडशी झगडलो. त्याची गंमत अशी की हात टेबलावर असतो आणि नजर पडद्यावर. भिंतीकडे बघत जेवावं आणि घास नाकाला लागावा, तसं माझं होत होतं. कान काढायला जावं तर तो गालावर यायचा. बाकी सोयी मात्र बऱ्याच होत्या. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. एका काचेवर चेहरा, दुसरीवर साडी, तिसरीवर अक्षरं. एक बिघडली तर तेवढीच पुसायची. स्मज म्हणजे ओला रंग बोटाने पसरवल्यासारखं. आणि चुकलं की अन्डू. दोन बटणं दाबली की हात कधी चुकलाच नव्हता. मला त्या अन्डूची इतकी सवय लागली की एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तेव्हा माझी बोटं आपोआप वळवळली. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

पण एक जुनी सवय मी सोडली नव्हती. रोज सकाळी वडसा स्टेशनसमोरच्या टपरीवर जायचं, चहा मागवायचा आणि समोर बसलेल्या एका माणसाचा चेहरा बॉलपेनने काढायचा. कागद म्हणजे जुन्या नाटकांच्या उरलेल्या हँडबिलांची मागची बाजू. खोडायचं नाही, दुसरा कागद घ्यायचा नाही. गवई रियाज करतो तसा हा आमचा रियाज. बहुतेक दिवशी चित्र वाईट यायचं आणि चहा गार व्हायचा. तरी जायचो. का जायचो ते विचारू नका, आता मलाही नीट सांगता येणार नाही.

तर सुमनबाई. सिंदेवाहीकडच्या. मी कंपनीत आलो तेव्हाही हिरोईन होत्या आणि त्या वर्षीही. आवाज खणखणीत, माईक बंद पडला तरी मंडपाबाहेरच्या दुकानांच्या शेवटच्या पालापर्यंत जाणारा. पण वय झालं होतं. नागपूरची एक मुलगी डोमाजीभाऊंच्या नजरेत होती. नाचायची चांगली.

डोमाजीभाऊंनी माझ्यासमोरच सुमनबाईंना सांगितलं. "बाई, गावं तुमचं नाव घेते म्हणून यंदा नव्या नाटकात हिरोईन तुमीच. पोस्टर लावू. दसऱ्यापर्यंत मंडळं आली तर ठीक. नाई तर हिरोईन ते पोरगी आन् तुमी माय."

माय म्हणजे हिरोची आई. झाडीपट्टीत हिरोईन एकदा आई झाली की परत हिरोईन होत नाही. तो जिना फक्त उतरायचा असतो.  दुसऱ्या दिवशी सुमनबाई येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पुढचं वर सांगितलंच आहे.

पोस्टर छापून आलं. गुलाबी गाल, लांब मान, डोळ्यांत चमक. डोमाजीभाऊ खूश. "याले म्हणते हिरोईन," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर लावलं.

पहिलं मंडळ चामोर्शीकडच्या एका गावाचं आलं. त्यांचे अध्यक्ष ऋषीभाऊ, आमच्या कंपनीचं जुनं गिऱ्हाईक. मांडीवर दुपट्टा ठेवून ते बराच वेळ पोस्टरकडे बघत बसले.

"हे कोन होय?" त्यांनी विचारलं.

"कोन म्हणजे? सुमनबाई," डोमाजीभाऊ म्हणाले.

"नाई."

"अरे, नाई कसं? खाली नाव लिहिलं आहे."

"नाव कोनाचंही लिहिता येते, मालक. सुमनबाईले मी लहानपनापासून पाहून राह्यलो. हे बाई ते नाई."

"कॉम्प्युटरवर बनवलं आहे ना, म्हणून जरा साफ दिसते."

ऋषीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. "मागच्या साली आमच्या बाजूच्या गावात असंच झालं," ते म्हणाले. "पोस्टरवर एक आन् स्टेजवर दुसरी. लोकायनं आमच्यासारख्या मंडळवाल्याच्या घरावर गोटे मारले. मले गावात राहाचं आहे."

चहा पिऊन मंडळ उठलं आणि समोरच्या कंपनीच्या ऑफिसात शिरलं. आमच्या खिडकीतून ते आत जाताना दिसत होते. त्यानंतर ब्रह्मपुरीकडचं मंडळ आलं, सावलीकडचं आलं. कोणी म्हणे टीव्हीवरची आहे, कोणी म्हणे सुमनबाईची पोरगी आहे का. एकाने तर आमच्यासमोर हात जोडले आणि म्हणाला, मालक, जे खरं आहे ते सांगून टाका. बुकिंग शून्य.

डोमाजीभाऊंचा आवाज चढला. "पेंटर, तुले माणूस काढाले सांगितला होता. हे काय काढलं?"

"जे सांगितलं ते काढलं," मी म्हटलं. खरं तर मला भांडायचाही कंटाळा आला होता. पावसाळाभर पॅडवर मान मोडून हे पदरी पडलं होतं.

"मंग फोटो लाव तिचा. मुंडकं काप आन् चिकटव."

सुमनबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "फोटो नाई. फोटोत मी मेल्यावानी दिसतो." आमच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, करतो, जातो, दिसतो. आणि ते खरंही होतं. वडशाच्या स्टुडिओतल्या फ्लॅशने भलेभले मेल्यासारखे दिसायचे.

मी म्हटलं, "बाई, उद्या सकाळी टपरीवर या. बसा माझ्यासमोर. बोलत राहा."

त्या आल्या. चहा घेतला, बशीत ओतला. आणि डोमाजीभाऊंवर, त्या नागपूरच्या मुलीवर, गुडघ्यावर, कंपनीच्या गाडीवर, सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. मी बॉलपेन चालवत होतो. बोलताना त्यांची एक भुवई वर जाते. हसल्या की पुढचा एक दात थोडा आडवा दिसतो. गळ्यावर दोन रेघा आहेत, वरच्या पट्टीत बोलल्या की त्या ताणल्या जातात. मी त्यांना इतकी वर्षं पोस्टरवर काढत आलो होतो, पण हिरोईन म्हणून. समोर बसवून काढायची वेळ कधी आली नव्हती.

चित्र बरं आलं. चहा गार झाला होता.

आता प्रश्न पॅडचा. पाहून पाहून पडद्यावर उतरवायला गेलो की चेहरा पुन्हा गुळगुळीत व्हायला लागला. दोनदा पुसलं. मग वैतागून पॅड उचलला तेव्हा लक्षात आलं की त्याच्यावर एक पारदर्शक झाकण आहे आणि ते एका कडेने उचलता येतं. मी ते आजवर धूळ बसू नये म्हणून असावं असं समजत होतो. मी टपरीवरच्या चित्राचं हँडबिल त्या झाकणाखाली सरकवलं आणि काडीने त्याच रेघांवरून गेलो. नजर हातावर आली. कान कानाच्या जागी बसला. अन्डूला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. एकदा लावला, साडीच्या काठासाठी. चेहऱ्याला नाही.

सुमनबाई पाहायला आल्या. पडद्याजवळ वाकल्या.

"गळा," म्हणाल्या.

"हो."

"ते पुसत नाई?"

"बाई, पुसला तर मंडळं ओळखत नाहीत. नाही ओळखलं तर हिरोईन ती मुलगी."

त्यांनी पदर गळ्याभोवती घेतला. "राहू दे मंग," म्हणाल्या आणि गेल्या. मला वाईट वाटलं. पण मला वाटलं की मी त्यांचा रोल वाचवतो आहे. तसंच वाटत होतं, खरंच.

नवं पोस्टर लागलं. ऋषीभाऊ समोरच्या कंपनीत काही जमलं नाही म्हणून परत फिरून आले. दारातच थांबले.

"हां," म्हणाले. "हे होय सुमनबाई. दात पाहा ना."

ते आत येऊन बसले. तारीख ठरली, चहा आला. डोमाजीभाऊ माझ्याकडे पाहून हसले. तो दिवस चांगला गेला असता, पण निघता निघता ऋषीभाऊ परत पोस्टरसमोर उभे राहिले.

"मालक, एक सांगू का? बाईले आता मायचा रोल द्या. या तोंडानं तिनं पोराले हाक मारली ना, आमच्या गावच्या बाया धाय मोकलून रडतीन. हिरोईन कोनीही नाचते."

 मग ब्रह्मपुरीवाले परत आले, त्यांनीही पोस्टर पाहून विचारलं, हे माय होय ना? सावलीवाल्यांनी विचारलंही नाही, धरूनच चालले. दसऱ्याच्या आत मंडळांची रांग लागली. एवढं बुकिंग कंपनीला कधी मिळालं नव्हतं. नाटकात आईचे प्रवेश वाढवले, एक रडायचं गाणं घातलं. नाव सगळ्यात वर सुमनबाईंचं. हिरोईन नागपूरची मुलगी.

अट दसऱ्यापर्यंत मंडळं येण्याची होती, ती पुरी झाली, तरी हिरोईनचा रोल गेला. डोमाजीभाऊंनी हे सुमनबाईंना सांगायचं काम माझ्यावर टाकलं, कारण पोस्टर माझं होतं. मी सांगितलं. त्या खिडकीतून समोरच्या ऑफिसकडे बघत राहिल्या.

"चांगलं काढलं तुमी, पेंटरभाऊ," म्हणाल्या. "तेच तर झालं." मग विचारलं, "ते पयलं पोस्टर कुठी आहे?"

ते मागच्या खोलीत गुंडाळून पडलं होतं. मी आणून दिलं. त्यांनी ते घरी नेलं. कुठे लावलं ते मी विचारलं नाही.

त्या हंगामात सुमनबाईंनी गावंच्या गावं रडवली. मी एक प्रयोग पाहिला. त्यांनी पोराला हाक मारली आणि बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. माझ्या शेजारी ऋषीभाऊ होते. ते म्हणाले, मी सांगितलं होतं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

पुढच्या वर्षी गणपती उठले. मी पॅडवर नव्या नाटकाचं पोस्टर करत होतो. झाकणाखाली सुमनबाईंचं नवं चित्र होतं, त्याच सकाळी टपरीवर काढलेलं. त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. कंपनीत चर्चा होती की समोरच्या कंपनीतली एक बाई यंदा आमच्याकडे येते आहे. तीही हिरोईन होती, आता आईचा रोल करायला तयार आहे.

मी गळ्यावर दोन रेघा काढल्या. सवयीने, हलक्या.

"आणखी थोडी, पेंटरभाऊ," सुमनबाई म्हणाल्या. "तिथी, हनवटीखाली. अन् डोयाजवळ बी."

मी मागे वळून पाहिलं नाही. डोळ्याजवळ एक नवी रेघ ओढली, ती झाकणाखालच्या कागदावर नव्हती.

आता मी याबाबत कोणाशी वाद घालत नाही. पोस्टरवर रेघ किती ठेवायची हे गिऱ्हाईक सांगतं. झाकणाखालचा कागद मात्र मी रोज सकाळी माझ्या मनाने काढतो, आणि तो गिऱ्हाइकाला दाखवत नाही.