मास्तर मलाच करायचे ती खूण

सांगू का नको, असं करत मी चार महिने काढले. पण ही गोष्ट आता माझ्याशिवाय अख्ख्या सोलापूरची सांगून झालीय. तेव्हा म्हटलं, निदान एकदा माझ्या तोंडून ऐका. बाहेर ऐकाल तर त्यात मी स्टेजवरून पडलोसुद्धा! पडलो नाही हो. पडलो असतो तर बरं झालं असतं.

मी रिटायर्ड शिक्षक. मूळचा जेऊरचा. नोकरीनं सोलापुरात आलो आणि शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहिलो तो राहिलोच. शाळेत मराठी शिकवायचो आणि घरी व्हायोलिन वाजवायचो. वाजवायचो म्हणजे… तेच तर सांगायचंय! जेऊरला वडिलांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "लई झालं की आता. शेळ्या बुजाय लागल्यात." कलेचं कौतुक आमच्या घरात एवढंच झालं.

मग भेटले नरसय्या मास्तर.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा, कारखान्यातला डॉक्टरच म्हणा. पण गणपतीत, लग्नात, पेठेतल्या कार्यक्रमांत ते ऑर्केस्ट्रा उभा करायचे. क्लॅरिनेटवर रफीकभाई, ढोलकी, अकॉर्डियन, ट्रम्पेट, सगळी माणसं मागावरची. विणकर नसलेला वादक एकच. कोण? मीच की!

मास्तर बारीक अंगाचे. पांढरा शर्ट, उजव्या हातात सुताची रिकामी कांडी, तीच त्यांची छडी. बोलणं अगदी कमी. आमची तालीम सुट्टीच्या दिवशी, बंद कारखान्यातच व्हायची, आणि तीन तीन तास मास्तर एक शब्द बोलायचे नाहीत. सगळं हातानं. बोट असं वळलं की क्लॅरिनेट उठायचं, तळवा तसा पडला की ढोलकी दबायची. स्वरलिपीचा कागद नाही, ओरडणं नाही, कुणाचा पाणउतारा नाही. मी बघत राहायचो. म्हणायचो, ही भाषा या माणसाला कुणी शिकवली असेल?

आणि एक खूण ते फक्त मला करायचे. दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकांना लावायच्या, हळूच दूर ओढायच्या, आणि डावा तळवा खाली आणायचा. रेशमाचा धागा काढल्यासारखं! दुसऱ्या कुणाला ती खूण झालेली मी कधी पाहिली नाही. मला मात्र एकेका कार्यक्रमात चार-पाच वेळा. मी काय समजायचं? "सर, काय रेशीम काढलंत!" असंच ना?

मी मान लववायचो आणि दुप्पट जोरात वाजवायचो.

अकरा वर्षं वाजवलं. बायकोला ती खूण करून दाखवली, स्टाफरूममध्ये दाखवली, जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहाच्या आधी दाखवली. हसू नका. माणसाला जन्मात एकच शाबासकी मिळाली असेल तर तो ती जपणारच.

गेल्या वर्षी मास्तर गेले. फार बोलायचे नाहीत, पण गेल्यावर फार शांत शांत झालं. मागे राहिलं काय? तीन व्हिडिओ कॅसेट. दोन लग्नं आणि एक गणपती. एवढ्या मोठ्या माणसाचं रेकॉर्डिंग म्हणून जगात एवढंच! त्यांची मुलगी लक्ष्मी, तिनं ते सगळं पेनड्राइव्हवर करून घेतलं आणि एक मला दिला. मी रोज दुपारी लावायचो. आवाज खरखरता, चित्रावर पट्टे, मधेच नवरीची मावशी कॅमेऱ्यापुढून जाते, पण मास्तरांचे हात दिसायचे. तेवढ्यासाठी जीव तुटायचा.

मास्तरांना जाऊन वर्ष झालं, तसा आठवणींचा कार्यक्रम ठरला. लक्ष्मी म्हणाली, "सर, तुम्हीच बोला. बाकीच्यांना बोलायचं म्हटलं की घाम फुटतो."

मला कुठला घाम? चाळीस पानी वही भरली. एकेक खूण थांबवून, बघून, अर्थ लावून लिहिली. हॉलमध्ये दीडशे माणसं, बहुतेक मागावरची, बायकामुलांसकट. पुढच्या रांगेत मास्तरांच्या पत्नी, त्यांना सगळे अम्मा म्हणतात. मागे पडद्यावर मास्तर. मी माइक घेतला.

"इथे पाहा," मी चित्र थांबवलं, "मास्तरांनी दोन बोटं वर केलीत आणि अंगठा ओठांकडे नेलाय. नजर आकाशात. सूर आणि श्वास, दोन्ही एकच आहेत, असं ते या क्षणी सांगताहेत!"

मागून कुणीतरी खुसखुसलं. मला वाटलं, पोरंटोरं असतील.

"आणि आता कानामागे हात. अंतरीचा नाद ऐका, असा हा उपदेश!"

आता तिसऱ्या रांगेतल्या बायका पदर तोंडात कोंबून बसल्या. रफीकभाईंचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, बिचारे रडताहेत. जुना दोस्त ना! मलाही भरून आलं. आणि त्या भरात मी शेवटची खूण काढली. चिमटी, ओढणं, डावा तळवा.

"ही खूण," माझा आवाज कापायला लागला, "मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाच वादकाला केली. नाव घेत नाही. विनय आड येतो. पण रेशमाचा धागा निघावा तसा ज्याचा सूर निघायचा…"

हॉल फुटला! अहो, माणसं खुर्च्यांवरून घसरली. ढोलकीवाला पोट धरून बाहेर पळाला.

"काय झालं?" मी माइकवरच विचारलं.

रफीकभाई डोळे पुसत उठले. "सर, माफ करा. ते पहिलं… दोन बोटं, अंगठा… मास्तर चहा सांगायलेत की! दोन कट, अर्धे-अर्धे कप!"

"आणि कानामागे हात?"

"कुठला माग आवाज करायलाय, बघून ये."

मी गार. मग रफीकभाईंनी समजावलं. कारखान्यात चाळीस माग एकदम चालतात, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून मागावरची माणसं पिढ्यानपिढ्या हातानं बोलतात. मास्तरांनी त्याच खुणांवर ऑर्केस्ट्रा चालवला. माग सुरू कर म्हणजे वाजव, जरा सैल सोड म्हणजे हळू. सगळ्यांना आधीपासून येत होत्या, शिकवायला नकोत. येत नव्हत्या त्या फक्त मला, कारण मी कारखान्यात गेलो तो सुट्टीच्या दिवशी! चालू माग मी जन्मात पाहिला नव्हता.

"मग… माझी खूण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

रफीकभाईंनी खाली बघितलं. उत्तर दिलं अख्ख्या हॉलनं, एका सुरात.

"धागा तुटलाय, माग बंद कर!"

अकरा वर्षं, मंडळी! अकरा वर्षं तो देवमाणूस मला थांबा म्हणत होता, आणि मी मान लववून दुप्पट जोर लावत होतो!

मी वही मिटली आणि अम्मांपाशी जाऊन बसलो. त्याही हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हटलं, "अम्मा, तोंडानं का नाही सांगितलं मास्तरांनी?"

"सांगणार होते की, सारू," अम्मा त्यांच्या तेलुगू वळणानं 'सर'चं 'सारू' करत म्हणाल्या. "दर वेळी घरातनं निघताना म्हणायचे, आज सारूंना सांगतोच. मग कार्यक्रम संपला की तुम्ही पाया पडायचात त्यांच्या. घरी येऊन म्हणायचे, आज पण नाही जमलं. पाया पडणाऱ्याला कसं सांगू?"

मला हसावं का रडावं कळेना. दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेनड्राइव्ह पुन्हा लावला. आता मला खुणा कळत होत्या! पहिल्यांदाच मास्तर मला ऐकू आले म्हणा ना. ढोलकीला म्हणतात, सैल सोड. ट्रम्पेटला म्हणतात, घाई कुठली? माझ्याकडे वळतात, धागा तुटलाय. मी मान लववतो, आणि मास्तर तोंड फिरवून हसतात. चिडत नाहीत, हसतात. इतकी आठवण आली म्हणून सांगू! वाटलं, एकदा समोर उभे राहा, मास्तर, आणि करा ती खूण. या वेळी खरंच थांबेन.

आणि बघता बघता मला एक गाणं सापडलं. गणपतीच्या कॅसेटमधलं, संथ चालीचं. शेवटपर्यंत मास्तरांनी मला एकदाही खूण केली नाही! तीन वेळा तपासलं. एकदाही नाही! म्हणजे एक गाणं तरी मी नीट वाजवलं होतं की. तसाच रफीकभाईंना फोन लावला.

"रफीकभाई, गणपतीतलं ते संथ गाणं आठवा! एकदाही धागा तुटलेला नाही!"



"सर," रफीकभाई म्हणाले, "गाणं चालू व्हायच्या आधीचं बघा की."

मी मागे नेऊन पाहिलं. मास्तर सावकाश चालत माझ्याकडे येतात. माझ्यापुढचा माइक उचलतात आणि नेऊन रफीकभाईंपुढे ठेवतात. परत जाताना माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतात.

आणि मी? मी उठून प्रेक्षकांना तीनदा वाकून नमस्कार करतोय.